इनडोअर सामन्यांसाठी स्ट्रोब: दोन दिव्यांपासून सुरुवात

इंदुरात इनडोअर खेळाचे फोटो काढायला लागलेला माणूस ठरावीक वाटेनेच जातो. आधी ५० मिमी एफ १.८, मग आयएसओ ६४००, मग ७०-२०० एफ २.८ साठी पैसे साठवणं. तरीही रात्री कंप्युटरवर फोटो उघडले की जर्सीवर दाणे, चेहऱ्यावर हिरवट छटा आणि बॉल लांबट झालेला. हॉलचे दिवे आपल्या हातात नसतात, म्हणून आपला प्रकाश सोबत न्यायचा. दोन चांगले स्ट्रोब (जोरदार फ्लॅश दिवे), दोन क्लॅम्प आणि एक ट्रिगर (कॅमेऱ्यावरून ते दिवे पेटवणारं यंत्र) एवढ्यावर बास्केटबॉलचं अर्धं कोर्ट उजळतं. संपूर्ण कोर्टाला चार दिवे लागतात, पण पहिल्याच वर्षी चार दिव्यांच्या मागे लागू नका.

आधी परवानगी, मग सामान

इंदूर म्हणजे टेबल टेनिसचं गाव, त्यामुळे नवखा माणूस स्ट्रोब घेऊन पहिल्यांदा अभय प्रशाल या इनडोअर स्टेडियमच्या दिशेनेच निघतो. तिथेच थांबा. टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत फ्लॅशला मनाई असते, आणि ती रास्तच आहे. ४० मिमीच्या बॉलवर डोळे रोखलेल्या खेळाडूच्या नजरेसमोर क्षणभर जरी प्रकाश चमकला तरी पॉइंट गेलाच. मल्लखांब हा २०१३पासून मध्य प्रदेशचा राज्यखेळ आहे आणि त्याचे फोटो सगळ्यांनाच हवे असतात, पण खांबावर उलटा लटकलेल्या मुलावर स्पर्धेत स्ट्रोब टाकायचा नाही. प्रात्यक्षिक असेल आणि प्रशिक्षकांनी होकार दिला असेल तरच टाकायचा.

उरले बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी, कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग. इथेही आयोजक आणि मुख्य पंच या दोघांना आदल्या दिवशी विचारा. किती दिवे लावणार, कुठे लावणार, हे कागदावर काढून दाखवलंत तर निम्मं काम होतं. वॉर्म-अपच्या वेळी दोन्ही संघांच्या कोचना चार-पाच फ्लॅश मारून दाखवा. कोणी आक्षेप घेतला तर वाद न घालता दिवे बंद.

आणखी एका माणसाला विचारायचं बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे व्हिडिओवाला. सामना यूट्यूबवर लाइव्ह जात असेल तर तुमच्या प्रत्येक फ्लॅशला त्याच्या चित्रात अर्धी फ्रेम पांढरी आणि अर्धी नेहमीसारखी असा पट्टा येतो, कारण त्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि फ्लॅश त्यातल्या काहीच ओळींना सापडतो. यावर तोडगा नाही. त्याच्याशी आधी बोलून घ्यायचं, नाहीतर पहिल्या क्वार्टरनंतर आयोजक तुमच्याकडे चालत येतील.

हिशेब हॉलच्या प्रकाशापासून सुरू होतो

स्ट्रोबने हालचाल फ्रीझ होते ती शटरमुळे नव्हे. बहुतेक कॅमेऱ्यांचं सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारं सर्वांत वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० असतं आणि तेवढ्यात खेळाडू सहज हलतो. फ्रीझ करतो तो फ्लॅशचा क्षणभराचा प्रकाश. पण शटर उघडं असताना हॉलचे दिवेही आपलं काम करतच असतात. त्यांचा वाटा जास्त झाला की फ्लॅशमधल्या स्वच्छ आकृतीला चिकटून दुसरी धूसर आकृती येते. यालाच घोस्टिंग म्हणतात, आणि नवख्यांचे स्ट्रोबवाले फोटो सर्वांत जास्त बिघडतात ते यामुळेच.

म्हणून हॉलचा प्रकाश किमान तीन स्टॉप खाली दाबायचा (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). चार दाबला तर उत्तम. पांढरी जर्सी आणि मागे काळोखी गॅलरी असेल तर तीन पुरत नाहीत, पांढऱ्या बाहीची भुताटकी दिसतेच.

हे मोजायचं असं. दिवे लावण्याआधी कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून कोर्टाच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचा नीट एक्सपोजर काढा. समजा आयएसओ ३२००, एफ २.८, १/५०० ला फोटो बरोबर आला. आता आयएसओ ४०० केलं, म्हणजे तीन स्टॉप कमी. शटर १/२५० केलं, म्हणजे एक स्टॉप वाढला. ॲपर्चर एफ ४ केलं, म्हणजे पुन्हा एक कमी. एकूण तीन. एफ ५.६ केलं की चार. म्हणजे या हॉलसाठी तुमचं सेटिंग ठरलं: आयएसओ ४००, एफ ५.६, १/२५०. फ्लॅश बंद ठेवून या सेटिंगवर एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा आला पाहिजे. जर्सीचा नंबर वाचता येत असेल तर अजून एक स्टॉप दाबा.

पत्र्याच्या छताला मध्ये मध्ये पारदर्शक शीट बसवलेले हॉल असतात, तिथे हा आकडा दिवसभर टिकत नाही. सकाळी ९ला घेतलेलं माप दुपारी १२ला चुकतं. प्रत्येक सामन्याआधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढायची सवय लावून घ्या.

फ्लॅश किती वेळ पेटतो

दिवा विकत घेताना लोक वॅट-सेकंद, म्हणजे दिव्याची ताकद, विचारतात. खेळासाठी त्याच्या बरोबरीने विचारायचा आकडा म्हणजे फ्लॅश ड्युरेशन. तो दोन प्रकारे छापतात. टी ०.५ म्हणजे प्रकाश कमाल पातळीच्या निम्म्यावर येईपर्यंतचा वेळ. टी ०.१ म्हणजे तो १० टक्क्यांपर्यंत उतरेपर्यंतचा वेळ. आपल्याला टी ०.१ हवा. कंपनीने फक्त टी ०.५ दिला असेल तर ढोबळमानाने त्याच्या तिप्पट वेळ धरा: १/१५०० छापलं असेल तर कामाचा आकडा १/५००.

व्हॉलीबॉलचा जोरदार स्मॅश सेकंदाला २५ मीटरने जातो असं धरू. १/२५० सेकंदात तो बॉल १० सेंटिमीटर सरकतो, १/१००० मध्ये अडीच आणि १/२००० मध्ये सव्वा. बॉलवरची शिवण दिसायला हवी असेल तर १/१००० ही खालची मर्यादा समजा.

इथे एक खाच आहे. जुन्या पद्धतीच्या, व्होल्टेज कमी-जास्त करून चालणाऱ्या स्टुडिओ दिव्यांत पॉवर कमी केली की फ्लॅश उलट लांबतो. आयजीबीटी पद्धतीच्या दिव्यांत, म्हणजे स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारे छोटे फ्लॅश) आणि आजचे बहुतेक बॅटरीवाले ६०० वॅट-सेकंदचे दिवे, यांत पॉवर कमी केली की फ्लॅश आखूड होतो. त्यामुळे लग्नाच्या स्टुडिओतला जुना ३०० वॅट-सेकंदचा दिवा १/८ वर लावून खेळ फ्रीझ होईल या भरवशावर राहू नका. गोडॉक्सच्या एडी ६०० प्रो सारखा दिवासुद्धा फुल पॉवरला टी ०.१ मध्ये साधारण १/२२० चाच असतो, म्हणजे शटरपेक्षाही मंद. तोच १/४ किंवा १/८ वर आणला की कामाचा होतो. दिव्यासोबतच्या पुस्तिकेत पॉवरनुसार ड्युरेशनचा तक्ता असतो, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

मोठा दिवा घ्यायचा तो फुल पॉवरला चालवायला नव्हे, चतुर्थांशावर चालवायला. त्यात फ्लॅश आखूड, रीचार्ज झटपट आणि बॅटरी दिवसभर. आमच्या मते नवख्याने नवीन लेन्सआधी असे दोन दिवे भाड्याने घेऊन बघावेत.

हाय-स्पीड सिंकचा मोह होईल, कारण त्यात १/१००० शटर मिळतं. पण त्या मोडमध्ये दिवा एकच ठोका न देता बारीक बारीक स्पंदनं देतो, निदान दोन स्टॉप प्रकाश वाया जातो आणि दिवा तापून बंद पडतो. १४ मीटर लांब बांधलेल्या दिव्यांना ते परवडत नाही.

दिवे कुठे बांधायचे

बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर. तुम्ही एका बेसलाइनवर बसून जवळच्या रिंगचा खेळ टिपणार. पहिला दिवा तुमच्याच बेसलाइनच्या एका कोपऱ्यात, गॅलरीच्या कठड्यावर. दुसरा समोरच्या बाजूच्या गॅलरीत, मध्यरेषेच्या सरळ रेषेत. फ्री थ्रो लाइन बेसलाइनपासून ५.८ मीटरवर असते, त्यामुळे ५ मीटर उंचीवर बांधलेले हे दोन्ही दिवे त्या रेषेच्या मध्यापासून जवळपास सारख्याच, १४ मीटरच्या आसपास अंतरावर पडतात. एक समोरून, एक तिरका मागून. चेहरा उजळतो आणि खांद्याला कडही मिळते.

दिवा रिंगच्या थेट मागे नको. फ्री थ्रो मारणारा रिंगकडे बघतो, तेव्हा दिवा त्याच्या नजरेच्या रेषेपासून ४५ अंश तरी बाजूला हवा. फ्री थ्रो लाइनवर स्वतः उभं राहून रिंगकडे बघा. दिव्याची नळी डोळ्यांत येत असेल तर दिवा अजून बाजूला किंवा वर सरकवा. ४ मीटरपेक्षा खाली तर बांधूच नका.

दिव्याचं तोंड जवळच्या कोपऱ्याकडे वळवलंत तर तिथे सगळं पांढरंफटक होईल, कारण अंतर निम्मं झालं की प्रकाश दोन स्टॉपने वाढतो. ७ मीटरवरचा खेळाडू आणि १४ मीटरवरचा खेळाडू यांत एवढा फरक. म्हणून दिव्याचा मध्य लांबच्या भागावर रोखायचा, जवळच्या भागाला नुसता कडेचा प्रकाश पुरे. सॉफ्टबॉक्स आणि छत्र्या घरी ठेवा, खोल धातूचा रिफ्लेक्टर लावा. छतावर प्रकाश आपटून घेण्याची युक्ती फक्त पांढऱ्या, सपाट आणि ७-८ मीटरपर्यंतच्या छताला चालते. पत्रा आणि लोखंडी कैच्या असतील तर विसरा.

पॉवरचा हिशेब असा. समजा रिफ्लेक्टरसह दिव्याचा गाइड नंबर (मीटरमधलं अंतर गुणिले एफ आकडा) आयएसओ १०० ला ८० आहे. भागिले १४ मीटर, म्हणजे फुल पॉवरला एफ ५.६. आयएसओ ४०० ला एफ ११. आपल्याला एफ ५.६ हवा, म्हणजे दोन स्टॉप कमी, म्हणजे १/४ पॉवर. कंपनीचे गाइड नंबर थोडे फुगवलेले असतात, अर्धा स्टॉप हाताशी ठेवा.

कुस्ती किंवा ज्युदो असेल तर खर्च बराच कमी होतो. कुस्तीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं, दिवे ६ मीटरवर आणता येतात. ५० मिमी झूमवर ४० गाइड नंबर देणारा साधा मॅन्युअल स्पीडलाइट तिथे आयएसओ ४००, १/४ पॉवरला एफ ५.६ सहज देतो. स्पीडलाइट लवकर तापतात, त्यामुळे लागोपाठ २०-२५ फ्लॅश मारून झाले की मिनिटभर दम घेऊ द्या.

बांधणी

खाली लहान मुलं बसलेली असतात आणि वर तीन किलोचा दिवा टांगलेला असतो. म्हणून इथे काटकसर नको.

कठड्याच्या पाइपला सुपर क्लॅम्प लावा, त्यावर दिवा. क्लॅम्प घट्ट केल्यावर दिवा धरून हलवून बघा, पाइपच हलत असेल तर जागा बदला. मग स्वतंत्र स्टीलची वायर रोप दिव्याच्या हँडलमधून किंवा ब्रॅकेटमधून ओवून पाइपला वेढा आणि कॅराबिनरने बंद करा. ती क्लॅम्पमधून जाता कामा नये, कारण क्लॅम्प सुटला तरी दिवा लटकून राहावा हाच तिचा उपयोग. सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात ४ मिमीची वायर रोप आणि तिच्या क्लिपा मिळतात, मीटर-दीड मीटरचे तुकडे करून दोन्ही टोकांना फासे बनवून घ्या. एका फाशाला दोन-तीन क्लिपा लावा, एकीवर भागवू नका. रिफ्लेक्टरही वेगळा बांधा. धक्क्याने आधी निसटतो तो तोच.

गॅलरी नसेल तर जड स्टँड, त्याच्या पायांवर ८-१० किलोच्या वाळूच्या पिशव्या आणि स्टँड वरच्या बाजूला खिडकीच्या गजाला किंवा खांबाला बांधलेला. एक पाय प्रेक्षकांच्या वाटेत येत असेल तर तिथे माणूस बसवा.

विजेवर चालणारे दिवे असतील तर हॉलच्या इलेक्ट्रिशियनला गाठा आणि कुठला सॉकेट कुठल्या एमसीबीवर आहे ते विचारा. रीचार्ज होताना असा दिवा क्षणभर बराच करंट ओढतो. दोन दिवे आणि एक मोठा कूलर एकाच लाइनवर आले की एमसीबी पडते, आणि त्यासोबत स्कोअरबोर्डही गेला तर पुढच्या स्पर्धेला तुम्हाला कोणी आत घेणार नाही. बॅटरीवाले दिवे महाग, पण ही सगळी डोकेदुखी टळते. फक्त मे महिन्यात बॅटऱ्या बंद गाडीत ठेवू नका.

ट्रिगर आणि कॅमेरा

आजचे बहुतेक रेडिओ ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, हॉलचा वायफाय आणि प्रेक्षकांच्या मोबाइलचे हॉटस्पॉट त्याच पट्ट्यात. रिकाम्या हॉलमध्ये सगळं चालतं, तीनशे माणसं भरली की दर चौथा फ्लॅश चुकतो. ट्रिगरमध्ये चॅनेल स्कॅनची सोय असेल तर हॉल भरल्यावर पुन्हा स्कॅन करा. चॅनेल १ वर ठेवू नका, शेजारच्या फोटोग्राफरचा ट्रिगरही तिथेच असतो आणि मग तुमचे दिवे त्याच्यासाठी पेटतात. आयडी नंबरही बदला. ऑप्टिकल स्लेव्ह (दुसरा फ्लॅश दिसला की आपला दिवा पेटवणारी सोय) बंदच हवा, नाहीतर प्रेक्षकांतल्या कुणा काकांच्या छोट्या कॅमेऱ्याने तुमचा स्ट्रोब उडेल. मॉडेलिंग लॅम्प (स्ट्रोबमधला सतत जळणारा छोटा दिवा) बंद, बीप बंद, टीटीएल (पॉवर आपोआप ठरवणारा मोड) बंद.

कॅमेऱ्यात मेकॅनिकल शटर निवडा. सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटरवर बहुतेक कॅमेरे फ्लॅश पेटवतच नाहीत, आणि माणूस अर्धा तास ट्रिगरच्या बॅटऱ्या बदलत बसतो. मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडर काळा दिसेल, कारण तो चार स्टॉप दाबलेलं चित्रच दाखवतो. कॅननमध्ये एक्सपोजर सिम्युलेशन बंद करा, सोनीत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेचा सेटिंग इफेक्ट बंद करा. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का, ऑटो नाही. फाइल रॉ.

आता मित्राला कोर्टावर फिरवा: रिंगखाली, फ्री थ्रो लाइनवर, दोन्ही साइडलाइनजवळ, मध्यरेषेवर. प्रत्येक जागी लाइट मीटरने माप घ्या, तो नसेल तर फोटो काढून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघा. अर्ध्या स्टॉपपर्यंतचा फरक सोडून द्या. जास्त असेल तर आधी दिव्याचं तोंड फिरवा, पॉवरला शेवटी हात लावा. चकचकीत लाकडी फ्लोअरवर दिव्याचा पांढरा डाग दिसत असेल तर तुम्ही मीटरभर बाजूला सरका, बहुतेक वेळा तेवढ्यानेच तो फ्रेमबाहेर जातो. कबड्डीच्या निळ्या मॅटवरून निळा प्रकाश उसळून हनुवटीखाली चढतो, तो नंतर एडिटिंगमध्येच काढावा लागतो.

सामना सुरू झाल्यावर

बर्स्ट विसरा. प्रत्येक क्रियेला एकच फोटो. पहिल्या दिवशी हे जड जातं, कारण सेकंदाला १२ फ्रेमची सवय झालेली असते. जंप शॉटमध्ये खेळाडू वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा दिसतो तो क्षण हवा, आणि डोळ्याला तो दिसल्यावर बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. खेळाडूचे गुडघे वाकले की श्वास धरायचा आणि तो वर निघतानाच दाबायचं. व्हॉलीबॉलमध्ये सेटरच्या हातातून बॉल सुटला की नजर हिटरवर.

बिघाड झाला की आधी फोटोच बघा. फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा असेल तर शटर सिंकच्या पुढे गेलंय. १/२५० वर असाल तर १/२०० करा, काही रेडिओ ट्रिगर किंचित उशीर करतात. आकृतीभोवती धूसर सावली म्हणजे घोस्टिंग, हॉलचा प्रकाश पुन्हा मोजा. सावली नाही, पण हातच पुसट आलाय, तर फ्लॅश लांब पडतोय, पॉवर एक पायरी खाली आणा आणि आयएसओ तेवढा वाढवा. मात्र त्याने हॉलचा प्रकाशही एक स्टॉप वर येतो, म्हणून चार स्टॉपची शिल्लक आधीच ठेवायची. एका बाजूचा चेहरा काळा असेल तर एक दिवा पेटला नाही, आणि तसं दर थोड्या वेळाने होत असेल तर वायफायचा अडथळा किंवा संपत आलेली बॅटरी. सगळेच फोटो हळूहळू काळे होत चालले असतील तर दिवा पूर्ण चार्ज होण्याआधी तुम्ही बटण दाबताय.

बक्षीस समारंभाला दिवे उतरवण्याची घाई करू नका, पण सेटिंग बदला. तिथे माणसं स्थिर उभी असतात, त्यामुळे हॉलचा प्रकाश आत घ्यायला हरकत नाही: शटर १/६०, आयएसओ ८००, आणि मंचाच्या बाजूचा एकच दिवा १/१६ वर. मागची गॅलरी काळीकुट्ट न येता प्रेक्षक दिसू लागतात. मात्र आता दोन रंगांचे प्रकाश एकत्र येतात, त्यामुळे हॉलचे दिवे हिरवट असतील तर मागचे लोक हिरवे दिसतील. फ्लॅशवर फिक्या हिरव्या जेलचा (रंगीत पारदर्शक शीटचा) तुकडा टेपने चिकटवा आणि व्हाइट बॅलन्स त्या प्रकाशात राखाडी कार्डावर नव्याने घ्या. वरचे क्लॅम्प मात्र खालची गॅलरी रिकामी झाल्यावरच सोडा, आणि वायर रोप सगळ्यात शेवटी.